अठरा तारखेपर्यंत गुळगुळीत

३ फेब्रुवारी, सकाळी ६.४०

आजपासून रोजनिशी. संकल्प तीन. रोज लिहायचं. खोटं लिहायचं नाही. चहात साखर अर्धाच चमचा. (आज दीड घातली. डब्याच्या तळाची साखर ओली होऊन वाया जाते, म्हणून.)

मुख्य बातमी. ही काल थोरल्या बहिणीकडे राहायला गेली. भांडून नाही. मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण खालच्या मजल्यावरचे मास्तर जिन्यात नको तितक्या काळजीने चौकशी करत होते. हिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पिकलाय. अठरा तारखेला सकाळी नऊ वाजता ऑपरेशन. त्याआधी शुगर खाली आणायची, मग दिवसातून चार वेळा थेंब. वेळेवर थेंब घालणारं माणूस हवं म्हणून बहिणीकडे. मी म्हटलं, मी आहे की. ही बॅगेची चेन लावत होती.

निघताना हिने एकच काम सांगितलं. अठराला सकाळी आठ वाजता गाडी घेऊन ताईच्या दारात या. डॉक्टरांनी बजावलंय, बंद गाडीतूनच यायचं, वारा आणि धूळ नको. साडूकडे फक्त स्कूटर. म्हणून तुम्ही या. बाकी काही करू नका, नुसते या. 'नुसते या' दोनदा म्हणाली.

हिच्या मनात जुन्या गोष्टी आहेत, दुसरं काही नाही. मुलगी झाली तेव्हा मी हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी पोचलो, हे ही अजून उकरून काढते. पण त्या तीन दिवसांत पाळण्याला मी स्वतःच्या हाताने वॉर्निश करत होतो, हे कोणी काढत नाही. वॉर्निश वाळायला वेळ लागतो. ते माझ्या हातात नाही.

५ फेब्रुवारी

आज गाडी धुतली. अठराची पूर्वतयारी. तेरा दिवस आधी सुरुवात, याला म्हणतात नियोजन.

पुसताना बॉनेटवर हात फिरवला आणि चरकलो. खरखरीत. गाडी गडद निळी, लांबून झकास. पण हात लावला की किसणी. गेल्या वर्षी हीच म्हणाली होती की तुमच्या गाडीवर गाजर किसता येईल. तेव्हा मला वाटलं, डोळे अधू झाले की माणूस काहीही बोलतो.

कारण मात्र मला लगेच कळलं. कारखान्यात मी स्टोअरकीपर. नऊ वर्षं गाडी ग्राइंडिंग शेडच्या भिंतीला लावतोय. जागा मीच निवडली, सावली असते म्हणून. लोकांनी सांगितलं होतं, तिथे लोखंडाची भुकटी उडते. मी म्हटलं, उडू दे, धुतली की जाते. जात नाही. ती रंगात रुतून बसते.

संध्याकाळी एक व्हिडिओ सापडला. त्यातला माणूस हातमोजे घालून फार शांतपणे बोलतो. यावर इलाज क्ले. मुलांच्या खेळण्यातल्या मातीसारखा गोळा असतो. साबणाचं पाणी फवारायचं आणि गोळा हलक्या हाताने सरळ फिरवायचा. रुतलेला कण न् कण तो ओढून घेतो. रंग काचेसारखा.

व्हिडिओ चार वेळा बघितला. शिवणाच्या मशिनशेजारीच बसलो होतो. हिची खुर्ची त्यातल्या त्यात मऊ आहे.

६ फेब्रुवारी, सकाळी ७.१०

दाढी करताना कल्पना सुचली. कापलं थोडं, पण कल्पनाच तशी आहे.

एकोणीसला हिची पट्टी सुटणार. नवा डोळा. दहा वर्षांत धुकं सोडून काही न दिसलेला डोळा. त्या डोळ्याला पहिल्यांदा काय दिसणार? हॉस्पिटलच्या दारात उभी असलेली आपली निळी गाडी. झगझगीत! ही हात फिरवणार. थबकणार. माझ्याकडे बघणार. आणि पाळण्याचं प्रकरण तिथेच मिटणार.

हिला आत्ता काही सांगायचं नाही.

७ फेब्रुवारी

क्ले आणला. मोटारीच्या सामानाच्या दुकानातला म्हातारा दुकानदार भलताच तुसडा. विचारलं नसताना तीन गोष्टी ऐकवल्या. दाब देऊ नका. सुकं घासू नका. आणि गोळा जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्या, खडा चिकटला की गाडी सोलून काढतो. मी म्हटलं, मी व्हिडिओ बघितलाय. तो म्हणाला, सगळेच बघतात.

पिशवीची टेस्टही शिकलो. पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून रंगावरून बोटं फिरवायची. उघड्या हाताला न कळणारे कणसुद्धा टोचतात. करून बघितली. बॉनेट भयानक. छप्पर त्याहून वाईट. मग फ्रिजवर करून बघितली, जेवणाच्या टेबलावर, मास्तरांच्या लेटरबॉक्सवर. सगळं जग खरखरीत आहे, लोकांना पत्ता नाही.

स्वतःच्या गालावरही केली. त्यावर काही लिहीत नाही.

८ फेब्रुवारी, दुपारी

सुरुवात केली. वीतभर चौकोन. पाणी फवारलं, गोळा फिरवला. आधी करकर असा आवाज, हाताला अडखळल्यासारखं. मग आवाज कमी झाला. मग काहीच नाही. पुसून पिशवीत हात घातला.

देवा रे! लोणी.

कितीतरी वर्षांत मी केलेली एखादी गोष्ट इतकी नीट जमली नव्हती. राखाडी गोळ्यावर तांबूस ठिपके. नऊ वर्षांचं लोखंड माझ्या तळहातावर. एकटाच हसत उभा राहिलो. मास्तर गॅलरीतून बघत होते. त्यांनी विचारलं, वहिनी कशा आहेत? मी म्हटलं, बघायला या, हात लावून बघा. ते आत गेले.

या वेगाने अख्खी गाडी चार दिवसांत. अठरापर्यंत वेळच वेळ.

९ फेब्रुवारी

हिचा फोन. चष्मा घरी राहिलाय आणि बटणांचा डबा हवाय, येऊन देता का. शिवाय भेटही होईल, म्हणाली. मी समजावलं की गाडी आता हलवता येत नाही, रस्त्यावरची धूळ बसली की केलेलं सगळं पाण्यात. बसने या म्हणाली. मी म्हटलं, आज डावं मडगार्ड धरलंय.

संध्याकाळी साडू आला डबा न्यायला. त्याची ती स्कूटर! आयुष्यात कधी धुतलेली नाही, सीटला चिकटपट्ट्या. पण पहिल्या किकला सुरू होते, याची त्याला कोण घमेंड. मी त्याला हातात पिशवी घालायला लावून बॉनेटवरून फिरवायला लावली. तो म्हणाला, छान, पण चालते ना? मी नुसता हसलो. काही माणसांना वस्तू फक्त चालण्यापुरत्या हव्या असतात.

नियम: आजपासून अठरापर्यंत गाडी जागची हलवायची नाही. कारखान्यात बसने.

१० फेब्रुवारी

पहाटे साडेपाच ते साडेसात काम. सोबतीला गाडीतला रेडिओ. दार उघडं ठेवलं की आवाज छान घुमतो. घरात हल्ली आवाज नसतो, त्यामुळे बरं वाटतं. आतला दिवाही लागतो, उजेडाला उजेड.

व्हिडिओतला माणूस म्हणतो, काम करताना अंगावर काही टणक नको. घड्याळ नको, पट्टा नको, बटणं नकोत. म्हणून चारही शर्टांची बटणं कात्रीने कापली. आत बनियन असतं, कारखान्यात कुणाचं लक्ष जात नाही. (गेलं. मॅनेजरनी विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. एकदम उत्तम, म्हटलं.)

११ फेब्रुवारी, सकाळी ७.५५

गोळा पडला.

छपरावर करत होतो, स्टुलावर उभा. रेडिओवर बातम्या लागल्या म्हणून वाकलो आणि सटकला. फरशीवर 'थप' आवाज. उचलला तर खालून वाळू, एक केस आणि काचेसारखं काहीतरी.

दुकानदार म्हणाला होता, फेका. पण अर्धाही वापरला नव्हता. दुकान नऊला उघडतं आणि मला आठची बस. शिवाय फेका हे सांगणं त्याच्या फायद्याचंच, दुसरा खपतो. गोळा नळाखाली धुतला, खडे नखांनी टिपले, मळून मळून आतल्या बाजूला केले. बाहेरून एकदम स्वच्छ.

१२ फेब्रुवारी

बॉनेटवर एक हात पुन्हा फिरवला, आणखी गुळगुळीत व्हावं म्हणून. उजव्या बाजूची दोन्ही दारंही उरकली. वेग वाढलाय. मधूनमधून बारीक 'सर्र' असा आवाज येतो. ते उरलेलं लोखंड निघत असणार.

१३ फेब्रुवारी, सकाळी ९

कारखान्यात कळवलं, तब्येत बरी नाही. खरंच नाही.

गाडीवर ऊन आलं. बॉनेटभर रेघा. गोल गोल, एकात एक, हजारो. कोळ्याने जाळं विणावं तशा. दारांवर लांब ओरखडे, माझ्या हाताच्या दिशेने, माझ्या उंचीला. सावलीत काही दिसत नाही. उन्हात नजर ठरत नाही.

पंधरा मिनिटं पायरीवर बसलो. मग लक्षात आलं की या रेघा जुन्याच असणार. लोखंड होतं तोवर झाकल्या होत्या, क्लेने फक्त उघड्या केल्या. म्हणजे क्लेने काम चोख केलं.

पिशवीची टेस्ट: अजूनही लोणी. म्हणजे सपशेल अपयश म्हणता येणार नाही.

१४ फेब्रुवारी

दुसऱ्या एका व्हिडिओवाल्याच्या मते टूथपेस्टने बारीक रेघा जातात. अख्खी ट्यूब लागली. रेघा गेल्या. चमकही गेली. बॉनेटच्या मधोमध परातीएवढा पांढुरका डाग. गाडीला पुदिन्याचा वास येतोय.

पहिला व्हिडिओवाला असं कधीच बोलला नसता. उगाच दुसऱ्याकडे गेलो.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळी

हिचा फोन. बराच वेळ बोलली, नाहीतर एवढी बोलत नाही. भीती वाटते म्हणाली. डोळा उघडा ठेवून सुरी फिरवतात, आपल्याला सगळं कळत असतं. दिसायला लागलंच नाही तर शिवणही जाईल. आता तर सुईत दोरा ओवायला ताईच्या मागे लागावं लागतं. घरी तुम्हाला किती वेळा म्हणायचे, तुम्ही म्हणायचा दोन मिनिटं.

मी धीर दिला. म्हटलं, अजिबात काळजी करू नकोस, आता फक्त डावं दार राहिलंय.

हिने विचारलं, कसलं दार? मी म्हटलं, कळेल अठराला. ही म्हणाली, आठ वाजता या. मी म्हटलं, अगं, पावणेआठला हॉर्न ऐकशील.

फोन ठेवल्यावर मन भरून आलं. इतका विश्वास टाकते माझ्यावर.

१६ फेब्रुवारी

वॅक्स. तीन थर. डाग आता विशिष्ट कोनातूनच दिसतो. हिला त्या कोनात उभं राहू द्यायचं नाही. पट्टी सुटल्यावर कोपराला धरून उजव्या अंगाने न्यायची, जिना उतरायला मदत केल्यासारखं. जागा ठरवून तालीम केली, हिच्याऐवजी उशी धरून.

मास्तर खाली आले होते. म्हणाले, आठवडाभर गाडी सुरू केलेली दिसत नाही, एकदा करून बघा. मी शांतपणे समजावलं की इंजिनाच्या उष्णतेने ताजं वॅक्स मऊ पडतं. ते म्हणाले, आणि रेडिओ? रेडिओने पडत नाही, म्हटलं. शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला शिकणं जड जातं.

१७ फेब्रुवारी, संध्याकाळी ६

सगळं तयार. गाडी चादरीखाली. गजर तीन: साडेपाच, पावणेसहा, सहा. बूट पुसले. शर्टाला बटणं नाहीत म्हणून वरून स्वेटर. टाकी भरलेली. निघायचं सव्वासातला. रस्ता पंचवीस मिनिटांचा. म्हणजे वीस मिनिटं हातात, त्यात ताईच्या गल्लीच्या तोंडाशी थांबून शेवटचं फडकं.

संकल्पांचा हिशेब: रोज लिहिणं, जवळजवळ. खोटं, नाही. साखर, पुढच्या महिन्यापासून.

१८ फेब्रुवारी, सकाळी ५.५०

पहिल्या गजराला उठलो. हवा स्वच्छ. चादर काढली. काय दिसतेय! रेडिओ लावून शेवटचा हात मारतोय.

७.२०

रेडिओ आपोआप बंद पडला. किल्ली फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक. मग तेही नाही.

७.३५

आठवडाभर रेडिओ, आठवडाभर दिवा. बॅटरी पार बसली. घाबरायचं कारण नाही. गेटकडे उतार आहे, धक्का दिला की सुरू होणार. मास्तर, दूधवाला आणि वरच्या मजल्यावरचे दोघे भाडेकरू लगेच धावून आले. माणसं चांगली आहेत.

११.१०, बसमध्ये

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

चौघे मागे उभे राहिले आणि सरळ डिकीवर हात टेकणार! तीन थर वॅक्स! मी ओरडलो, थांबा. घरात जाऊन मऊ फडकी आणली. चार लागत होती, तीनच स्वच्छ निघाली, चौथं धुऊन पिळून आणलं. मग दूधवाल्याच्या बोटातली अंगठी दिसली. निघेना. साबण आणला. साबणाचे हात गाडीला नकोत म्हणून ते धुवायला लावले. एका भाडेकरूच्या पट्ट्याचं बक्कल बरोबर डिकीच्या उंचीला येत होतं. त्याला म्हटलं, पट्टा काढा. तो म्हणाला, मग पॅंट धरू की गाडी ढकलू? मास्तर म्हणाले, अहो, आठला दहा कमी आहेत. मी म्हटलं, घाईनेच ओरखडे पडतात.

आठ वाजून पाच मिनिटांनी धक्का दिला. गाडी घरंगळली, दुसरा गिअर, क्लच सोडला, इंजिन लागलं! लागलं होतं. हे मी शपथेवर सांगतो. गाडी गेटातून बाहेर जात होती, मागून चौघे ओरडत होते, जा, जा, थांबू नका.

तेवढ्यात मागून 'सर्र' आवाज आला.

मी थांबलो. बघायला उतरलो. थांबताना क्लच दाबायचा राहिला आणि इंजिन बंद पडलं. ओरखडा नव्हता. फडक्याची गाठ घासली होती. पुसली, गेली.

पुढे उतार नव्हता. चौघांनी चढावर गाडी मागे रेटून बघितली. जमेना. पट्टा काढलेला भाडेकरू आधी गेला. मग दूधवाला. मास्तर शेवटपर्यंत होते. ते एवढंच म्हणाले की टॅक्सी बघा. टॅक्सीसाठी हमरस्त्यापर्यंत चालत जायला हवं होतं, आणि गाडी अर्धी गेटात, अर्धी रस्त्यात. तशी कशी सोडणार? येणारेजाणारे अंग घासून जात होते. भिंतीशी लागेपर्यंत दहा वाजले.

हिचे सात फोन येऊन गेले होते. फोन घरात, चार्जिंगला. तीन गजर लावले की बॅटरी उतरते.

संध्याकाळी ७

पावणेबाराला ताईच्या दारात पोचलो. कुलूप. हॉस्पिटलात जावं म्हणून वळलो आणि जिन्यातच थांबलो. कुठल्या हॉस्पिटलात? हिने सांगितलं होतं. मुलीनेही फोनवर सांगितलं होतं. क्लेच्या कंपनीचा नंबर मला पाठ आहे. वॅक्स किती मिनिटांनी पुसायचं ते पाठ आहे. हॉस्पिटलचं नाव आठवेना. फोन कुणी उचलेना. मुलीलाही लावला, तिचा फोन बंद. पायरीवर बसून राहिलो.

साडेतीनला खाली टॅक्सीचा आवाज आला. साडू हिला हाताला धरून वर आणत होता. उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी. डावाही धुक्यातलाच, आणि जिन्यात अंधार. ही माझ्यापाशी आली, भिंत चाचपत. बाजूला सरका हो जरा, म्हणाली. मी सरकलो.

साडू म्हणाला, अगं, हे आहेत.

ही थांबली. बरं, म्हणाली. आत गेली.

साडूने नंतर बाहेर येऊन सांगितलं. पावणेनऊपर्यंत दारात उभी होती. आत चल म्हटलं तरी ऐकेना, हॉर्न वाजला तर कळणार नाही म्हणाली. शेवटी स्कूटरवर बसवलं, डोळ्यांवर रुमाल बांधून. तरी धूळ गेलीच. डॉक्टर चिडले, डोळा धुवायला लागला, नंबर शेवटी टाकला. दुपारी दोन वाजता टेबलावर घेतलं. ताई अजून थेंब आणायला दुकानात गेलीय. साडू मला एक शब्दही लावून बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी त्याला सांगितलं की गाडी खूप गुळगुळीत झालीय. तो म्हणाला, हो का.

१९ फेब्रुवारी

पट्टी सुटली. मला कोणी बोलावलं नाही. बोलावलं असतं तरी गाडी बंदच आहे.

मुलीचा फोन. आईला भिंतीवरचं कॅलेंडर लांबून वाचता आलं, आई रडली. मग मला एवढंच विचारलं, बाबा, हॉस्पिटलचं नाव कुठेतरी लिहून ठेवलं होतंत का? मी म्हटलं, रोजनिशी लिहितो मी. तपासून बघितलं. नाही लिहिलेलं.

२४ फेब्रुवारी

ही आली. कपडे न्यायला, साडूबरोबर. काळा चष्मा.

दारातच चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. आधी कपाळ, मग गाल, मग मान. मग म्हणाली, अहो, तुम्ही एवढे म्हातारे कधी झालात?

मी म्हटलं, हल्लीच.

गाडीपाशी नेली. उजव्या अंगाने, ठरवल्याप्रमाणे. पिशवी पुढे केली, तिने ती घेतली नाही. उघडाच हात बॉनेटवर ठेवून फिरवला. गुळगुळीत आहे, म्हणाली. हे मी अक्षरशः लिहितोय, ती म्हणाली. मग वाकली, ऊन होतं. विचारलं, हे गोल गोल काय दिसतंय सगळीकडे? डोळ्यात काही बिघडलं नाही ना? घाबरली होती.

मी म्हटलं, नव्या भिंगाचं असेल, सवय व्हायला वेळ लागतो.

तोपर्यंत ती माझ्याकडे वळली होती. माझं खोटं त्या डोळ्याला दिसलं असावं, कारण ती म्हणाली, डॉक्टर म्हणाले भिंग एकदम चोख बसलंय. (खोटं रोजनिशीत लिहायचं नाही असा संकल्प होता. तोंडी नाही.)

वर आल्यावर कपाटातले शर्ट बघितले. बटणं कुठे गेली, विचारलं. मी सांगितलं. हसेल असं वाटलं होतं. मशिनपाशी बसली, सुई घेतली, दोरा घेतला. मी हात पुढे केला, म्हटलं, दे, ओवून देतो.

तिने ओवला होता. एका झटक्यात. खिडकीकडे बघितलंही नाही.

चारही शर्टांना बटणं लावली. अठ्ठावीस. मी समोर बसून मोजत होतो. साडू खाली थांबला होता. दोरा दाताने तोडून ती उठली. बॅग मी उचलली, तेवढं जमलं. दारात विचारलं की दुसऱ्या डोळ्याची तारीख कधी आहे. म्हणजे मला आधीपासून तयारी करता येईल.

ही म्हणाली, मार्चमध्ये आहे. तुम्ही नका त्रास घेऊ. भावजींनी टॅक्सीवाल्याला सांगून ठेवलंय.

तारीख सांगितली नाही. मी दोनदा विचारलं. चिडली नाही, आवाज चढवला नाही. चिडली असती तर मला काहीतरी म्हणता आलं असतं.

२५ फेब्रुवारी

मार्चला एकतीस दिवस. रविवारी ऑपरेशनं होत नाहीत. म्हणजे सव्वीस दिवस उरतात. रोज सकाळी आठला गाडी घेऊन ताईच्या दारात उभं राहिलं, तर त्यातला एक दिवस बरोबर निघेल. हा बेत चांगला आहे. मास्तरांना सांगितला. ते म्हणाले, वहिनी टॅक्सीतच बसल्या तर?

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

२६ फेब्रुवारी, सकाळी ७.४५

बॅटरी चार्ज करून आणली. सगळी बटणं असलेला शर्ट घातला. किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू झाली. आवाज एकदम गोड, जरासुद्धा थरथर नाही. आठ वाजेपर्यंत तशीच चालू ठेवली.

कुठे जायचं नव्हतं. बंद केली.